जात्याचा खुंटा आणि सतरा पानं

अन्याय कोणावर झाला आणि कधी झाला, ते आधी सांगतो. बाकीचं मागून.

अन्याय आमच्या टेलरमास्तरांवर झाला. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी, माघी पौर्णिमेला, रात्री दहाच्या सुमाराला झाला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गाव आहे. तिथे खळ्यावर फळ्या टाकून रंगमंच केला होता. सगळं गाव समोर बसलेलं असताना एका हवालदाराने मास्तरांना दंडाला धरून खाली उतरवलं. गुन्हा काय, तर कागदावर नसलेलं एक वाक्य ते बोलले. त्या रात्रीपासून आजतागायत महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या कुठल्याही मांडवात त्यांना उभं राहू दिलेलं नाही.

आणि तो कागद माझा होता. हेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचता वाचता तुम्ही मला सज्जन समजाल.

मास्तरांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा ते मी कागदावर लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. पुन्हा लिहिणार नाही.

महाडच्या बाजारातल्या एका बोळात त्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, वर माळा. माळ्यावर भाड्याने मी, आणि माझ्याबरोबर चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे, शाईची बाटली, खळीचा डबा. त्या दिवसांत मी रोज एक पत्रक लिहीत असे आणि प्रत्येक पत्रकाने सरकार पडेल अशी माझी खात्री असे.

मास्तरांनी कधी कुणाचं माप लिहून घेतलं नाही. गळ्यात टेप असे, पण ती कुणाच्या अंगाला लागलेली मी पाहिली नाही. विचारलं तर म्हणत, "ती गिऱ्हाइकासाठी रे. नसली गळ्यात, तर त्याला वाटतं ह्यो हितं सावलीला बसलाय."

गिऱ्हाईक आलं की एकच हुकूम. "चालून दाखवा."

"चालून?"

"बोळाच्या तोंडापातूर जा नि परत या."

बिचारा लाजत लाजत जाई. मास्तर दाराच्या चौकटीला टेकून डोळे बारीक करून बघत. एकदा एका वकिलाला त्यांनी तीनदा चालवलं. तिसऱ्या वेळेला ओरडून सांगितलं, "वकीलसाहेब, आता कुणी बघत नाय असं समजून चाला! आतापातूर तुमी कोर्टातच चालताय!" वकील संतापले, पण तसे चालले. आणि तो कोट त्यांनी पुढे सगळ्या लग्नांना घातला.

"लिहून का ठेवत नाही?" मी एकदा विचारलं.

मास्तर सुईत दोरा ओवत होते. "लिवलं की माणूस तेवढाच ऱ्हातो. दिवाळीला माप घेतलं नि शिमग्याला तो जाडा झाला, तर कागदाला काय कळणार? कागद त्याला आतच कोंबणार."

मी हसलो. तेव्हा मला कागदाबद्दल कुणी काही वाईट बोललेलं खपत नसे, म्हणून हसलो.

माझी पत्रकं ते वाचत नसत, ऐकत. मी माळ्यावरून खाली येऊन तावातावाने वाचायचो आणि ते काजं करत ऐकायचे. मध्येच हात वर करायचे. "हितं थांब. हे वाक्य खांद्यात धरतंय." किंवा, "ह्या दोन ओळी कुणाच्या? तुझ्या नायत. दुसऱ्याचा सदरा घातलायस." मला भयंकर राग यायचा. माळ्यावर जाऊन त्या ओळी पुन्हा वाचल्या की राग अधिकच यायचा, कारण त्या खरोखर माझ्या नसायच्या.

तुम्हाला वाटेल, असा माणूस घरात गमत्या असेल. अजिबात नाही. दुकानात ते लोखंडी इस्त्रीसारखे असत, जड आणि तापलेले. त्यांच्या बायकोला मी काकी म्हणत असे. काकी म्हणायच्या, "आमच्या ह्यांना हसताना बघायचं तर दोन डोंगर चढून जावं लागतं रे बाबा. घरात मी बघते ती नुसती पाठ."

कुणी दुकानात येऊन म्हणालं, "मास्तर, परवा खेळात तुम्ही ते सासूचं केलंत, ते जरा ह्यांना करून दाखवा ना," तर मास्तर मान वर न करता सांगत, "ते परवाच्या माणसांसंगती गेलं." आणि मशीन सुरू.

ही त्यांची तऱ्हा नव्हती. ते खरं होतं. ते का खरं होतं हे कळायला त्या डोंगरातल्या गावाची रीत सांगितली पाहिजे.

माघी पौर्णिमेला तिथे सोंगांचा खेळ होतो. आधी मृदंग, झांजा, नमन. ते संपलं की मास्तर रंगमंचावर येत, रिकाम्या हाताने. मग गावातला कुणीही उठून घरातली एक वस्तू रंगमंचाच्या कडेला आणून ठेवी. वस्तू वापरातली हवी, नवी चालत नाही. देणाऱ्याने ती कुणाची एवढंच सांगायचं. मास्तरांनी ती उचलायची आणि तिथून पुढे जे घडेल ते घडेल. राजा, सासू, तलाठी, रेडा, ते काय होतील हे त्यांना ठाऊक नसे आणि आपल्यालाही नसे. समोरचा माणूस ओरडला तर त्यालाही खेळात ओढायचं. मृदंगवाल्याने नुसतं बघत राहायचं आणि सापडेल तिथे थाप मारायची. पहाटेपर्यंत तीन वस्तू होत. त्याला त्या गावात 'वस्तू ठेवणं' म्हणत. घरातल्या वस्तूला तिथे मान मिळाला तर बायका वर्षभर सांगत.

एका वर्षी कुणीतरी छत्री ठेवली. छत्री कसली, नुसत्या काड्या, कापड केव्हाच गेलेलं. मास्तरांनी ती मोठ्या इतमामाने उघडली, डोक्यावर धरली आणि छाती काढून उभे राहिले.

"या! सरकारी हाय. समद्यांना जागा हाय."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत वर चढला आणि काड्यांखाली उभा राहिला. त्याने वर बघितलं. "मास्तर, मी भिजतंय की!"

"भिजणारच. छत्री मंजूर झालीय. कापड पुढल्या साली."

त्या गावाचा रस्ता मंजूर होऊन इतकी वर्षं झाली होती की रस्त्यासाठी टाकलेल्या खडीत करवंदीची जाळी उगवली होती. गाव असं हसलं की मागे बांधलेले बैल उठून उभे राहिले. मास्तर तिथे थांबले नाहीत. पुढे खुर्चीवर पाहुणे म्हणून परवान्याच्या कचेरीतले एक साहेब बसले होते. मास्तर काड्यांची छत्री घेऊन अदबीने खाली उतरले आणि ती त्यांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. "सायेब, तुमी मधी या. तुमी भिजता कामा नये."

साहेबही हसले. गावासमोर हसले. कचेरीत गेल्यावर हसले नाहीत.

पुढल्या वर्षी गावाला पत्र आलं. खेळाची संहिता आधी दाखल करावी. शिक्का बसल्याशिवाय खेळ होणार नाही. सोबत छापील फॉर्म होता आणि त्याच्या तळाशी मुख्य सोंगाड्याने सही करायची एक ओळ: 'यात लिहिल्याखेरीज रंगमंचावर एकही शब्द उच्चारणार नाही.'

सांगा मला, हे पत्र कोणासाठी होतं? छापील नाटकं करणाऱ्या मंडळ्यांना त्याचं काय? त्यांच्याकडे पुस्तक असतं. ज्याच्याकडे पुस्तक नाही, असूच शकत नाही, त्याच्या तोंडाला बसवलेलं ते कुलूप होतं. आणि मी, पत्रकं लिहिणारा, अन्याय शोधत फिरणारा, मला ते दिसलं नाही!

गावचे पाटील ते पत्र घेऊन महाडला आले. मास्तर मशीनवर होते, मी जिन्यावर बसलो होतो.

"मास्तर, पाच-धा पानं लिवून टाका. कोण बघतोय?" पाटील म्हणाले.

"काय लिवू? पौर्णिमेला कुठली वस्तू येणार हाय, तुला म्हायती हाय?"

"नाय बा."

"मला बी नाय. मंग?"

"मंग काय पण लिवा!"

"काय पण लिवायला तो जिन्यावर बसलाय की," मास्तर म्हणाले आणि दोरा दाताने तोडला.

तो टोमणा होता. मी ते काम समजलो.

तीन दिवस बसून मी सतरा पानं लिहिली. मागच्या दोन वर्षांची सोंगं आठवून आठवून उतरवली. मध्ये एक राजा घातला, एक प्रधान घातला, शेवटी बोध घातला. छत्रीसुद्धा घातली. मग खाली जाऊन सगळं वाचून दाखवलं. मास्तरांनी एकदाही हात वर केला नाही. वाचून झालं तेव्हा म्हणाले, "समदं हाय ह्यात. समोर बसलेला माणूस तेवढा नाय."

"मास्तर, ही फक्त परवानगीपुरती आहे. सही करा."

त्यांनी तळाची ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "ही शपथ हाय रे. जी पाळणार नाय ती शपथ मी घेत नाय. पाटलाला सांग, परवानगी मिळाली तर येतो, नाय मिळाली तर नाय." आणि जेवायला आत गेले.

मी माळ्यावर गेलो आणि त्यांच्या नावाने सही केली.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. सही मी केली. मास्तरांना सांगितलं नाही. पाटलांना सांगितलं की मास्तरांनी केली. मला वाटलं, सही म्हणजे काय, एक सोपस्कार. खेळ झाला म्हणजे झालं. सत्कार्य होतं ना! सत्कार्याच्या नावाखाली काय काय करता येतं हे चळवळीतल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

कागद शिक्का मारून परत आला. छत्रीवर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती. बाकी मंजूर. शिक्का सहीवाचूनच मिळाला असं मास्तरांनी धरलं आणि मी धरू दिलं.

पौर्णिमेला आम्ही एस.टी.ने पोलादपूरला उतरलो आणि पुढे चालत वर निघालो. पाटलांनी वाटेतच मास्तरांच्या मिनतवाऱ्या केल्या. साहेब बसलेत तेवढा वेळ पुस्तकातलं बोला, ते उठले की आपलं सुरू करा. मास्तर गावासाठी कबूल झाले. तीन पानं त्यांनी चालता चालता माझ्याकडून पाठ करून घेतली. त्यांच्या तोंडून माझी वाक्यं ऐकताना मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

महाडच्या मोहल्ल्यातले बत्तीवाले चाचा पुढे चालत होते. दर खेळाला गॅसबत्त्या त्यांच्याच. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, आज तुम्ही बोलताय की रेडिओ?"

खळं भरलं होतं. गावात वालाच्या बिरड्याचा वास होता आणि माणसं घोंगड्या पांघरून बसली होती. पुढे खुर्चीवर साहेब. त्यांच्या शेजारी स्टुलावर हवालदार, मांडीवर माझी सतरा पानं, पायाशी कंदील. तो प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होता. बिचारा खालच्याच गावातला, मास्तरांचं गिऱ्हाईक.

मास्तर रंगमंचावर आले. राजासारखे उभे राहिले. "प्रधानजी, आपल्या नगरीची काय हालहवाल?"

हवालदाराचं बोट एक ओळ खाली सरकलं. मास्तरच बाजूला सरून प्रधान झाले.

"महाराज, प्रजा सुखी आहे."

कुणीतरी खोकलं. मागे एक पोर रडू लागलं आणि त्याच्या आईने त्याला थोपटायला सुरुवात केली. मी आयुष्यात पुष्कळ सभा पडताना पाहिल्या आहेत, पण स्वतःची वाक्यं एकामागून एक मरताना तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दीड पान झालं. मास्तरांच्या कपाळावर घाम होता, माघातल्या थंडीत.

आणि तेव्हा एक म्हातारी उठली. तिला पत्र, शिक्का, साहेब, कशाचा पत्ता नव्हता. ती रीतीप्रमाणे माणसांतून वाट काढत पुढे आली आणि तिने रंगमंचाच्या कडेला एक लाकडी खुंटा ठेवला. हात फिरून फिरून काळा आणि गुळगुळीत झालेला.

"माझ्या जात्याचा खुंटा," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

मास्तरांनी खुंट्याकडे बघितलं. मग साहेबांकडे. मग ते वाकले आणि खुंटा उचलला. मला वाटतं, तो उचलला तेव्हाच सगळं ठरलं.

"हवालदार," ते अगदी सहज म्हणाले, "खुंटा कुठल्या पानावर हाय?"

हवालदाराने पान उलटलं. आणखी एक उलटलं. तो इमानदार माणूस होता. "खुंटा... खुंटा नाय मास्तर."

"नीट बघा. आजी घिऊन आलीय म्हंजे कुठंतरी असणार."

हवालदार कंदिलाशी वाकला. "आजी बी नाय."

"आजी बी नाय?" मास्तर दचकून मागे सरले. "आजे, तू नायस गो!"

"मंग मी हितं कशी रं?" म्हातारी ओरडली.

"बेकायदा!"

जो हशा उठला तो दीड पान दाबून धरलेला होता. मृदंगावर थाप पडली. मास्तर बदलले. खांदे खाली आले, मान पुढे आली, पाय सुटे झाले. आता कोण कागदावर आहे याची चौकशी सुरू झाली. माणसं जागेवरून उठून ओरडू लागली, "हवालदार, मी हाय का बघा!" "माझ्या बापाचं नाव बघा!" "आमची रेडी हाय का?" आणि तो हवालदार, देवाशपथ सांगतो, खरोखर शोधत होता. दर वेळी मान वर करून सांगत होता, "नाय. नाय बा. रेडी नाय."

"मंग गावात हाय तरी कोण?"

"राजा हाय," हवालदार म्हणाला. "नि परधान."

"त्यांना कुणी बघितलंय का रे?" मास्तरांनी गावाला विचारलं.

"नाय!" सगळं खळं.

"बरं हवालदार, तुमी सवता हायत का त्यात?"

हवालदाराने पहिल्या पानापासून सुरुवात केली. मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले. "ऱ्हाऊ दे. ही हाफपँट कुणी शिवली?"

"तुमीच की."

"माप लिवलं होतं?"

"नाय."

"बसली का नाय?"

"बसली."

"मंग तुमी पँटीत हायत, कागदात नायत. उठा! बेकायदा बसलाय!"

आणि हवालदार स्टुलावरून अर्धा उठला. हुकूम ऐकायची सवय, दुसरं काय! स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा तोही हसला. सतरा पानं मांडीवरून खाली घसरली.

साहेब उभे राहिले. "बंद करा हे! ताबडतोब बंद करा!"

मास्तर वळले, दोन्ही हात जोडले आणि मनापासून, जिज्ञासेने विचारावं तसं विचारलं, "सायेब, हे वाक्य कुठल्या पानावर हाय?"

हेच ते वाक्य. याच्यासाठी त्यांना उतरवलं.

साहेबांनी बत्त्या विझवायला सांगितल्या. चाचांनी एकेक बत्ती विझवली, शांतपणे. मग आभाळाकडे बोट करून म्हणाले, "साहेब, माझ्या होत्या त्या विझवल्या. वरची माझी नाय."

पौर्णिमा होती. सगळं लख्ख दिसत होतं. मास्तर फळ्यांवर बसले, एक पाय पसरला, समोर जातं आहे असं धरून खुंटा उभा केला आणि दळू लागले. तोंडातून शब्द नाही. शब्दाला बंदी होती ना! डाव्या हाताने मूठ मूठ काहीतरी जात्यात घालत होते. काय घालताहेत ते आधी कुणाला कळलं नाही. मग त्यांनी बोटाला थुंकी लावली, पान उलटल्यासारखं केलं, फाडलं, मुठीत चुरगाळलं आणि जात्यात टाकलं. मागच्या बाजूला बसलेल्या बायकांतून आवाज आला, घर्रर्र, घर्रर्र. आधी एकीचा, मग दहा जणींचा, मग सगळ्या खळ्याचा. साहेब ओरडत होते ते ऐकूच येत नव्हतं. मास्तर पानामागून पान दळत होते. मी मोजली. सतरा झाल्यावर त्यांनी हाताने पीठ गोळा केलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं करून थुंकून टाकलं.

तेव्हा हवालदाराने वर जाऊन त्यांचा दंड धरला. हळूच धरला, पण धरला.

आणि मग काय झालं? मग आपण सगळे उठलो. घोंगड्या झटकल्या, चपला शोधल्या आणि एकेक करून घरी गेलो. म्हातारी तेवढी बसून होती. तिचा खुंटा मास्तरांच्या हातात गेला होता.

तिसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं आलं. मी बरोबर गेलो. साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "ही शपथ तुम्ही घेतलीत आणि मोडलीत. सही तुमचीच ना?"

मास्तरांनी कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या सहीखाली नेहमी एक लांब फराटा असतो. तो तिथेही होता. रोज पत्रकं बघणाऱ्या माणसाला तो न ओळखायला काय झालं? मी दाराशी उभा होतो. एक शब्द बोलायचा होता मला. बोललो नाही.

मास्तर म्हणाले, "सही झ्याक हाय. माझ्याच्यानं एवढी नसती झाली."

"तुमची आहे की नाही?"

"नाव तर माझंच हाय की."

मग साहेबांनी नवीन हमीपत्र पुढे केलं. यापुढे लिहिल्याखेरीज बोलणार नाही असं लिहून द्या, मागचं सोडून देतो. टाक शाईत बुडवून हातात दिला. मास्तरांनी टाक दौतीत परत ठेवला. "सायेब, जीभ माझी हाय. गहाण टाकून मी काय घिऊ?"

मनाईचं पत्र गावोगाव गेलं. ज्या खेळात हा माणूस उभा राहील त्याला शिक्का मिळणार नाही. पाटलांनी दुकानाच्या बोळात येणं सोडलं. पुढल्या वर्षी खळ्यावर भजन झालं.

कचेरीतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिना उतरत होतो, तर मास्तर म्हणाले, "पत्रकवाल्या, हिकडं ये. तुला एक सदरा शिवतो. चालून दाखव."

मी बोळाच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो.

ते चौकटीला टेकून बघत होते. "खांदे पाडून चालतोयस. ह्या मापाचा शिवला तर पुढं खांद्यात धरंल. आधी सरळ चालायला लाग, मंग शिवतो."

एवढंच. घरातून काढलं नाही, कधी उच्चार केला नाही. मी आणखी सात महिने त्या माळ्यावर राहिलो. सदरा शिवला गेला नाही.

आणि कचेरीचं समाधान झालं नव्हतं. दोन वर्षांनी महाडलाच एका मंडळीने खेळ लावला, 'मंजूर लोकनाट्य'. कचेरीने त्यांना दिलेली माझीच सतरा पानं, छत्री वगळून. जाहिरातीवर लेखक म्हणून मास्तरांचं नाव! ज्याला उभं राहायला बंदी, त्याच्या नावावर तो कधीही न बोललेले शब्द. मी धावत दुकानात गेलो. मास्तर कपडे करून निघालेच होते, काकीही बरोबर. आम्ही मागे बसलो. नट चांगला होता, एक अक्षर चुकला नाही. "महाराज, प्रजा सुखी आहे." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मध्येच मास्तर उठले, पुढे गेले आणि बोटातलं अंगुस्तान, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते, काढून रंगमंचाच्या कडेला ठेवलं. "माझं हाय," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. नटाने अंगुस्तानाकडे पाहिलं, मग पडद्याआड पुस्तक धरून बसलेल्याकडे पाहिलं. आतून काहीच आलं नाही. येणार कुठून?

मास्तरांनी अंगुस्तान परत बोटात घातलं. परतताना काकी म्हणाल्या, "पोरगं बरं होतं हो."

"व्हय," मास्तर म्हणाले. "त्याला सोडा कुणीतरी."

आता ऐका. मास्तरांचे केस पिकलेत, पण गुडघे धड आहेत आणि जीभ तर आहेच. येत्या माघी पौर्णिमेला त्या गावाने खेळ लावला आहे. गेल्या आठवड्यात पाटील चार वर्षांनी बोळात आले आणि मास्तरांसमोर पागोटं काढून बसले. गावाने अर्जासोबत संहिता जोडली आहे, चाळीस पानी वही, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरी. तळाच्या शपथेवर काट मारली आहे आणि खाली सबंध गावाच्या सह्या आणि अंगठे आहेत. पहिला अंगठा त्या म्हातारीचा. शिक्का येणार नाही, हे गावाला माहीत आहे. खेळ होणार, हेही माहीत आहे.

मी माझं काम केलं आहे. ती सही माझी होती, शपथ मास्तरांनी कधी घेतलीच नव्हती, असं लिहून कचेरीत दिलं आहे आणि इथे छापतो आहे. जो दंड असेल तो माझ्यावर लावा. जी शपथ घेतलीच नाही ती मोडल्याबद्दलची मनाई आजच्या आज उठवा.

पण तुमच्याकडेही माझं मागणं आहे. होय, तुमच्याकडे, जे हसलात, घर्रर्र केलंत आणि मग चपला शोधून घरी गेलात. आणि जे त्या रात्री नव्हतात त्यांच्याकडेही. पौर्णिमेला वर या. येताना घरातली एक वस्तू आणा. नवी नको, हाताने झिजलेली आणा. ती फळ्यांच्या कडेला ठेवा आणि कुणाची ते मोठ्याने सांगा. साहेब बत्त्या विझवायला लावतील. लावू देत. हवालदार मास्तरांचा दंड धरायला वर चढेल. चढू दे.

या वेळी उठू नका.